घडवून घेतलेला लाँगबो: पहिले काही आठवडे

माप देऊन घडवून घेतलेला लाकडी लाँगबो, म्हणजे लांब सरळ धनुष्य, घरी येतो तेव्हा सोबत सूचनांची पुस्तिका येत नाही. मुठीच्या जवळ, पोटाच्या (म्हणजे आपल्याकडच्या) बाजूला शाईने लिहिलेली एक ओळ असते: ४५ पौंड, २८ इंच. शेजारी कारागिराची खूण. बाण २८ इंच ओढला की बोटांवर ४५ पौंड भार येतो, एवढंच ती ओळ सांगते. दोरी किती उंचीवर बसवायची, कोणता बाण याला मानवेल, लाकूड अजून किती बसणार आहे, हे सगळं आपणच शोधून काढायचं असतं.

इथे मी बोलतोय ते इंग्लिश पद्धतीच्या धनुष्याबद्दल. साधारण माणसाच्या उंचीचं, छेद इंग्रजी 'डी' अक्षराचा, टोकांना शिंगाच्या खोबणी. बाण ठेवायला कट्टा नाही, मधोमध कापलेली खिडकी नाही, नेम धरायला साइट नाही. बाण थेट मूठ धरलेल्या हाताच्या पेरावर टेकतो. फायबरग्लास लावलेले अमेरिकी लाँगबो वेगळे. त्यांना खाली सांगितलेली निम्मी काळजी लागत नाही, पण बाण जुळवण्याचा भाग त्यांनाही लागू पडतो.

आधीच एक मत सांगून टाकतो. नव्या धनुष्याविरुद्धच्या बहुतेक तक्रारी धनुष्याच्या नसतातच. 'डावीकडे मारतंय' ही तक्रार बहुधा बाणाची असते. 'हाताला झटका देतंय' ही दोरीची किंवा हलक्या बाणाची. 'सांगितलं तेवढा जोर नाही' ही ओढणाऱ्या हाताची. म्हणून तपासायचं ते ठरलेल्या क्रमाने: आधी दोरी, मग ब्रेस हाइट (दोरी धनुष्यापासून किती दूर बसते ते), मग नॉकिंग पॉइंट (दोरीवर बाण अडकवायची जागा), मग बाण. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. लाकडाला हात लावायचा विचार सगळ्यांत शेवटी, आणि तोही आपण नाही, कारागिराने करायचा.

दोरी चढवण्याआधी

धनुष्य खिडकीजवळ, आडव्या उजेडात धरा. लक्ष्याकडची बाजू ती पाठ, तुमच्याकडची ती पोट. धनुष्य वाकतं तेव्हा पाठ ताणली जाते आणि पोट दाबलं जातं. त्यामुळे दोन्हीकडे बघायच्या खुणा वेगळ्या. यू या झाडाच्या एकसंध लाकडाचं धनुष्य असेल तर पाठीला फिकट रसकाष्ठ (सालीखालचं बाहेरचं लाकूड) आणि पोटाला तांबूस गाभा दिसेल. रसकाष्ठ ताण चांगला सोसतं, गाभा दाब. जोडलाकडाच्या धनुष्यात हेच काम वेगवेगळ्या लाकडांना वाटून दिलेलं असतं: पाठीला हिकरी किंवा बांबू, पोटाला लेमनवूड, इपे किंवा ओसेज.

पाठीवरून कापसाचा बोळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. जिथे कापूस अडकेल तिथे बारीक काडी उठलेली असू शकते. पोटावर नखाने आडवी रेघ लागते का बघा. दाबाने पडणाऱ्या बारीक आडव्या सुरकुत्या नव्या धनुष्यात नसाव्यात, पण आज त्या नाहीत हे बघून ठेवलं तर पुढच्या महिन्यात दिसल्यावर वाद होत नाही. यू लाकडात गाठी असतातच. गाठीभोवती लाकूड जरा फुगीर दिसेल. ते मुद्दाम राखलेलं असतं, त्याला पॉलिशपेपर लावायचा मोह आवरा. जोडलाकडात सांध्याची रेघ सलग आहे ना, कुठे काळी फट नाही ना, एवढं पाहा. शिंगाच्या खोबणीच्या कडांवरून बोट फिरवा. कड धारदार राहिली असेल तर महिन्याभरात दोरीची वाट लागते.

मग एक मोजमाप घ्या, बरेच लोक हे विसरतात. मुठीपाशी पाठ भिंतीला टेकवा आणि दोन्ही टोकं भिंतीपासून किती सुटली आहेत ते मोजून वहीत लिहा. काही धनुष्यांची टोकं उलट पुढे झुकलेली असतात. मग टोकं भिंतीला लागतील आणि मूठ सुटेल, तेही लिहून ठेवा. लाकूड वापराने दोरीच्या बाजूला थोडं वळतं, याला सेट म्हणतात. एकसंध लाकडाच्या धनुष्यात तो एक-दोन इंच आला तर घाबरायचं कारण नाही. पण तो किती आला हे कळायला पहिल्या दिवसाचा आकडा हाताशी हवा.

दोरी चढवणं

सरावाचे नसाल तर स्ट्रिंगर वापरा. दोन खिशांची ती दोरी टोकांवर चढवायची, दोरीवर पाय ठेवायचा, धनुष्याची पाठ आकाशाकडे ठेवून मूठ वर उचलायची आणि वरचा फासा खोबणीत सरकवायचा. स्ट्रिंगरचे खिसे शिंगाच्या टोकावर नीट बसतात का हे आधी बघा. रिकर्व्हसाठी (टोकं पुढे वळलेल्या धनुष्यासाठी) शिवलेले खिसे लाँगबोच्या निमुळत्या शिंगावरून निसटतात.

जुनी पद्धत अशी: खालचं टोक उजव्या पावलाच्या आतल्या बाजूला टेकवायचं, जमिनीवर नाही. पाठ आपल्याकडे. उजव्या हाताने मूठ स्वतःकडे ओढायची, डाव्या तळव्याने वरचा लिम्ब (मुठीपासून टोकापर्यंतचा निम्मा दांडा) पुढे दाबत बोटांनी फासा वर सरकवायचा. दिसायला सुटसुटीत आहे, पण चेहरा धनुष्याच्या रेषेत आणायचा नाही. पायात पाय घालून मांडीवर वाकवायची पद्धत लाकडी धनुष्याला कधीच वापरू नका. लिम्ब पिळला जातो.

इंग्लिश दोरीला पुष्कळदा वर एकच फासा असतो आणि खाली गाठ. ओंडका ओढून न्यायला दोर गुंडाळून बांधतात तीच ही गाठ, ताण आला की घट्ट होते. हिचा फायदा असा की ब्रेस हाइट कमी-जास्त करायला गाठ सोडून पुन्हा बांधली की झालं. दोन फाशांची दोरी असेल तर पीळ वाढवला की दोरी आखूड होते आणि ब्रेस हाइट वाढते.

पोटापासून दोरीपर्यंतचं अंतर म्हणजे ब्रेस हाइट. मूठ वळून अंगठा ताठ उभा केला की जी उंची होते ती जुन्या तिरंदाजांची फूटपट्टी, साधारण ६ ते ७ इंच. कारागिराने आकडा सांगितला असेल तर तोच धरा, नसेल तर ६ इंचांपासून सुरुवात करा. नवी डेक्रॉनची (पॉलिस्टर धाग्याची) दोरी पहिल्या डझनभर बाणांत ताणते, तेव्हा हे माप एकदा घेऊन भागत नाही.

आता दोरी आपल्या डोळ्यासमोर धरून धनुष्य उभं बघा. दोरीने दोन्ही टोकं आणि मूठ यांचे मधोमध दोन भाग करायला हवेत. दोन-तीन मिलिमीटरचा फरक चालतो. बाण ज्या बाजूने जातो तिकडे किंचित झुकलेली दोरी उलट सोयीची. फरक जास्त असेल तर आधी फासे खोबणीत सरळ बसलेत का बघा. निम्म्या वेळा 'लिम्ब पिळलाय' म्हणून घाबरलेल्या माणसाचा फासाच तिरका बसलेला असतो.

टिलर, म्हणजे दोन्ही लिम्ब एकमेकांच्या मानाने किती वाकतात ते, बघायचा तर मुठीच्या मध्यापासून वर १८ इंच आणि खाली १८ इंच खडूने खूण करा आणि दोन्ही ठिकाणी दोरी ते पोट हे अंतर मोजा. एक बोट वर आणि दोन खाली अशा पकडीने मारणार असाल तर वरचं अंतर ३ ते ६ मिलिमीटर जास्त असावं, कारण बाण धनुष्याच्या मध्याच्या वरून जातो आणि खालचा लिम्ब थोडा कडक लागतो. तिन्ही बोटं नॉकखाली (बाणाच्या मागच्या खाचेखाली) ठेवत असाल तर हे कारागिराला ऑर्डर देतानाच सांगायला हवं होतं. मग दोन्ही अंतरं जवळपास सारखी असतात.

खरं वजन

प्रवासाच्या बॅगा तोलायचा डिजिटल काटा पुरतो. एका जुन्या बाणकाडीवर इंचांच्या खुणा करा, दोरीला पट्ट्याचा फास अडकवून त्यात काट्याचा हुक घाला, एकाने ओढायचं आणि दुसऱ्याने वाचायचं. हुक थेट दोरीला लावू नका. तो निसटला तर रिकामी दोरी सुटल्यासारखंच होतं, आणि बाण नसताना सुटलेली दोरी लाकडी धनुष्याचा मृत्यू ठरू शकते. बाणात जाणारी सगळी ऊर्जा परत लिम्बमध्येच उलटते.

२०, २२, २४, २६ आणि शेवटी लिहिलेली लांबी, इतक्या ठिकाणी आकडा घ्या. लिहिलेल्या लांबीपुढे अर्धा इंचही नाही. काटा किलोत असेल तर २.२ ने गुणा. ४५ पौंड म्हणजे सुमारे २०.४ किलो. या वजनाच्या धनुष्यात शेवटच्या इंचांना दर इंचाला अडीच-तीन पौंड वाढणं नेहमीचं. शेवटच्या एका इंचात आकडा एकदम उडी मारत असेल तर त्याला स्टॅकिंग म्हणतात. धनुष्य तुमच्या ओढीच्या मानाने आखूड आहे असा त्याचा अर्थ होतो.

या तक्त्यातून आणखी एक गोष्ट कळते. तुमची ओढ २६ इंच असेल तर '४५ पौंडांच्या' धनुष्यातून तुमच्या हाती चाळीसच्या आसपास येतात. बाण त्या चाळिसाला जुळवायचा, शाईने लिहिलेल्या आकड्याला नाही.

ज्यांनी अजून ऑर्डर दिलेली नाही त्यांच्यासाठी: वजनाची हाव धरू नका. १५४५ साली पोर्ट्समथजवळ बुडालेल्या आणि १९८२ साली वर काढलेल्या 'मेरी रोझ' जहाजावर लाँगबोंचा मोठा साठा सापडला. त्यांची वजनं शंभर पौंडांच्या वर असावीत असा अभ्यासकांचा अंदाज आहे. ते वाचून लोकांना चेव येतो. ते सैनिक लहानपणापासून हेच करत आलेले होते. आठवड्यातून दोनदा मैदानावर जाणाऱ्या माणसाला ३५ ते ४५ पौंड भरपूर झाले.

लाकूड मोकळं करणं

कारागिराला पहिला प्रश्न हा विचारा: देण्याआधी तुम्ही किती बाण मारून बघितलेत? काही जण दोन-तीनशे मारून देतात, काही जण टिलर झाला की पाठवून देतात. दुसऱ्या प्रकारचं असेल तर पहिले दोन दिवस बाणच काढू नका.

दोरी आधी कमी उंचीवर, ५ इंचांवर चढवा आणि धनुष्य दहा मिनिटं तसंच ठेवा. मग निम्म्या ओढीपर्यंत, म्हणजे १६-१८ इंचांपर्यंत, सावकाश ओढायचं आणि तितक्याच सावकाश परत सोडायचं. सोडायचं म्हणजे हाताने परत न्यायचं. दोरी बोटांतून निसटू द्यायची नाही. असं वीस-तीस वेळा. थोडी विश्रांती, मग ब्रेस हाइट पूर्ण करून २२ इंच, मग २४. दुसऱ्या दिवशी २६ आणि शेवटी पूर्ण ओढ. प्रत्येक टप्प्यानंतर दोरी उतरवून टोकं भिंतीशी मोजा. उतरवल्या उतरवल्या दिसणारा सेट जास्त असतो आणि काही तासांनी त्यातला बराच परत जातो, म्हणून दोन्ही आकडे लिहा.

हे चालू असताना एकाला बाजूला उभं करून फोटो काढून घ्या, एक दोरी चढवलेल्या अवस्थेत आणि एक पूर्ण ओढीत. कॅमेरा मुठीच्या उंचीवर, अगदी काटकोनात. फोटो मोठा करून दोन्ही लिम्बची कमान बघा. इंग्लिश लाँगबोची कमान मुठीतूनही किंचित जाते आणि टोकापर्यंत सलग राहते. एखाद्याच ठिकाणी कोपर वाकल्यासारखा बाक दिसला, किंवा बराच भाग सपाट राहिला, तर तिथे काम बाकी आहे. डोळ्याला हे चालू ओढीत दिसत नाही, फोटोत लगेच दिसतं.

कान उघडे ठेवा. शिंगाच्या खोबणीत दोरी बसताना बारीक 'टक्' होतो, दोन-चार ओढींत तो बंद होतो. वाळली काडी मोडल्यासारखा आवाज आला तर तिथेच थांबायचं, हळूच परत न्यायचं, दोरी उतरवायची.

कॉम्पाउंडवरून (टोकांना चाकं असलेल्या आधुनिक धनुष्यावरून) येणाऱ्यांना इथे खास सांगायला हवं. २०२३ मध्ये बर्लिनला साताऱ्याच्या अदिती स्वामी आणि नागपूरच्या ओजस देवतळे या दोघांनीही कॉम्पाउंडमध्ये जागतिक विजेतेपद मिळवलं, आणि मराठी घरांतली नवी मुलं तिरंदाजीत येतात ती पुष्कळदा याच धनुष्यावर. कॉम्पाउंडची चाकं पूर्ण ओढीत बराचसा भार उचलून घेतात, त्यामुळे थांबून, श्वास स्थिर करून नेम धरायची सवय लागते. लाँगबोत उलटं आहे. पूर्ण ओढीत भार सगळ्यांत जास्त असतो, हातावरही आणि लाकडावरही. दोन-तीन सेकंदांत बाण सुटायला हवा. नेम जमला नाही तर परत आणायचं, पण थरथरत धरून ठेवायचं नाही. आणि उंच मित्राने 'जरा बघू' म्हणून हात पुढे केला तर हसून नाही म्हणा. त्याची ओढ ३० इंच असेल तर तुमचं २८ इंचांचं धनुष्य तो एका ओढीत संपवू शकतो.

मैदानावर

पहिले बाण १० यार्डांवरून, मोठ्या गवती बॉसवर (बाण रुततात त्या जाड गादीवर), कागद न लावता. रंगीत वर्तुळं समोर असली की माणूस धनुष्य विसरून गुण मोजायला लागतो. आर्मगार्ड (दोरीचा फटका लागू नये म्हणून हातावरचं कवच) घाला. मुठीच्या हातालाही पातळ हातमोजा हवा. बाण पेरावरून घासत जातो आणि पिसाच्या दांडीचं पुढचं टोक कातडी सोलतं. बाणाच्या पिसांची पुढची टोकं घासून त्यावर गोंदाचा थेंब लावलेला असावा.

मूठ धरताना तळहाताची टाच धनुष्याला टेकू द्या, कोपर किंचित सैल. रिकर्व्हसारखं फक्त अंगठ्याच्या बेचक्यात धनुष्य तोलायला गेलात तर हा सरळ दांडा दर बाणाला वेगळा बसेल.

नॉकिंग पॉइंट सुरुवातीला, पेरावर टेकलेला बाण दोरीशी काटकोन करतो त्या जागेच्या १० मिलिमीटर वर ठेवा. पितळी कडी नको, दोऱ्याने गुंडाळून केलेली गाठ चांगली. सरकवता येते आणि दोरीला इजा करत नाही. दर सहा बाणांनी ब्रेस हाइट मोजा. दोरी ताणत असेल तोवर बाण कुठे लागतात यावरून कुठलाही निष्कर्ष काढू नका.

हाताला झटका जाणवला तर आधी बाणाचं वजन तपासा. लाकडी लाँगबोला धनुष्याच्या प्रत्येक पौंडामागे निदान १० ग्रेन वजनाचा बाण हवा. ४३ पौंड ओढत असाल तर ४३० ग्रेन, म्हणजे साधारण २८ ग्रॅम. सोनाराकडे असतो तसला छोटा काटा ऑनलाइन स्वस्तात मिळतो. एक ग्रॅम म्हणजे १५.४ ग्रेन. कार्बनचे हलके बाण या धनुष्यातून वेगाने जातात खरे, पण उरलेली ऊर्जा तुमच्या मनगटात आणि लाकडाच्या सांध्यांत जाते. बाण योग्य वजनाचा असूनही झटका राहिला तर ब्रेस हाइट पाव-पाव इंचाने वरखाली करून बघा. एका ठराविक उंचीवर आवाजही खाली येतो आणि हातही शांत राहतो. तो आकडा वहीत लिहा.

बाण जुळवणं

मेहनत इथे आहे. बाण धनुष्याच्या बाजूने जातो आणि दोरी मात्र मध्याकडे धावते. म्हणून सुटताना बाण वाकतो, दांड्याला वळसा घालून पुढे जातो आणि हवेत हेलकावत सरळ होतो. तो किती वाकावा हे त्याच्या कडकपणावर, म्हणजे स्पाइनवर ठरतं. मध्यापर्यंत कापलेल्या आधुनिक धनुष्याला बाणाचा कडकपणा थोडा चुकला तरी चालतो. इंग्लिश लाँगबोला कापच नाही, त्यामुळे बाणाला पूर्ण जाडीचा वळसा घालावा लागतो आणि चूक लगेच उघडी पडते.

लाकडी बाणांचं स्पाइन मोजायची रीत अशी: काडी २६ इंच अंतरावरच्या दोन टेकूंवर ठेवायची, मध्ये २ पौंडांचं वजन टांगायचं, काडी जितके इंच खाली झुकेल त्या आकड्याने २६ ला भागायचं. अर्धा इंच झुकली तर ५२ पौंड. दुकानात काड्या पाच-पाच पौंडांच्या गटांत मिळतात: ३५-४०, ४०-४५, ४५-५०. कार्बनच्या बाणांवर छापलेला ५००, ६०० हा आकडा वेगळ्या मोजणीचा आहे आणि तिथे आकडा वाढला की बाण मऊ होतो. दोन्हींची सरमिसळ करू नका.

सुरुवात कुठून करायची? तुमच्या ओढीला मिळणारं खरं वजन घ्या आणि त्यातून पाचेक पौंड वजा करा. बाण २८ इंचांपेक्षा लांब असेल तर दर इंचाला पाच पौंड वाढवा. हा फक्त प्रारंभ आहे, उत्तर नाही. म्हणून एकदम डझनभर बाण घेऊ नका. तिन्ही गटांतल्या दोन-दोन काड्या घ्या, सगळ्यांना १०० ग्रेनचे पाइल (धातूची टोकं) लावा, ओढीपेक्षा इंचभर लांब ठेवा. नॉकची खाच काडीतल्या वलयांच्या रेषांना काटकोनात बसवा, म्हणजे काडीची कडक बाजू धनुष्याला लागेल. प्रत्येक गटातल्या एकीला पिसं लावा, दुसरीला पिसांच्या वजनाइतकी चिकटपट्टी.

१५ यार्डांवरून आधी पिसांचे बाण, मग बिनपिसांचा. उजव्या हाताने ओढणाऱ्यासाठी वाचन असं: बिनपिसांचा बाण पिसांच्या बाणांच्या उजवीकडे गेला तर तो मऊ आहे, डावीकडे गेला तर कडक. खाली लागला तर नॉकिंग पॉइंट फार वर आहे, वर लागला तर फार खाली. डावखुऱ्यांनी डावं-उजवं उलट वाचायचं. वर-खाली तेच राहतं. आधी वर-खाली दुरुस्त करा, नंतर डावं-उजवं. नॉकिंग पॉइंट चुकलेला असेल तर बाण पेरावर आपटतो आणि मग डाव्या-उजव्याचं वाचनही खोटं येतं.

बाण थोडा कडक वाटला तर जड पाइल लावून बघा. टोकाशी वजन वाढलं की काडी जास्त वाकते. मऊ वाटला तर हलका पाइल, किंवा काडी पाव इंच कापा. कापताना घाई नको, पाइल बदलता येतो, कापलेली काडी वाढत नाही. बिनपिसांचा लाकडी बाण तिरका घुसला तर मोडू शकतो, म्हणून बॉस मऊ हवा आणि मागे माणूस नको. प्रत्येक फेरीनंतर काडी दोन्ही हातांत धरून चेहऱ्यापासून लांब हलकेच वाकवा, चीर असेल तर कुरकुर ऐकू येते. असला बाण पुन्हा दोरीवर चढवायचा नाही, मोडून टाकायचा.

आता हात. नव्या, जरा जड धनुष्यावर बाण डावीकडे आणि खाली पडायला लागले की लोक काड्या बदलत बसतात. बरेचदा काडी बरोबर असते, माणूस ओढ पूर्ण करत नसतो. इंचभर कमी ओढलं की अडीच-तीन पौंड जातात, बाण कमी वाकतो, म्हणजे कडक बाणासारखा वागतो, आणि वेगही घटतो. दोन्ही लक्षणं एकाच कारणाची. बाणावर तुमच्या पूर्ण ओढीच्या जागी रंगीत दोरा बांधा आणि मित्राला बाजूने बघायला सांगा. तिसाव्या बाणाला तो दोरा पेरापर्यंत येत नसेल तर त्या दिवसाची चाचणी संपली. दमलेल्या हाताने केलेली जुळणी दुसऱ्या दिवशी उलटते.

नेम

साइट नसली तरी बाणाचं टोक डोळ्यासमोर असतंच. अँकर, म्हणजे पूर्ण ओढीत हात टेकतो ती जागा, एकच ठरवा, तोंडाचा कोपरा किंवा हनुवटी, आणि तो बदलू नका. मग टोक लक्ष्याच्या मध्यावर ठेवून वेगवेगळ्या अंतरांवरून मारा. एका अंतरावर बाण टोक जिथे होतं तिथेच लागेल. तोंडाच्या कोपऱ्याशी अँकर असलेल्या चाळीस-पंचेचाळीस पौंडांच्या धनुष्याला ते बऱ्याचदा ४० ते ५० यार्डांच्या दरम्यान सापडतं. त्याच्या अलीकडे टोक खाली ठेवायचं, पलीकडे वर. किती खाली, किती वर याचा तक्ता दर १० यार्डांना करा. बाणाचं वजन बदललं की हा तक्ता रद्द.

स्पर्धेत उतरायचं असेल तर

नियम आधी वाचा, कारण लाँगबो या नावाखाली वेगवेगळ्या संघटना वेगवेगळी धनुष्यं धरतात. वर्ल्ड आर्चरी या जागतिक संघटनेच्या फील्ड (रानातल्या वाटेवरच्या) आणि थ्री-डी (प्राण्यांच्या पुतळ्यांवर नेमाच्या) स्पर्धांत लाँगबो गटाला लाकडी बाण आणि खरी पिसं लागतात. धनुष्याची किमान लांबी महिलांसाठी १५० आणि पुरुषांसाठी १६० सेंटिमीटर. ब्रिटनमध्ये लाँगबोची व्याख्या याहून कडक आहे, तिथे छेदाची जाडी रुंदीच्या निदान पाच-अष्टमांश भरावी लागते. कारागिराला हे मोजमापाच्या कागदावर लिहून द्या. भारतात राष्ट्रीय पातळीवर इंडियन राउंड असतो, तो बांबूच्या देशी धनुष्यांचा. तुमचा यू लाकडाचा लाँगबो तिथे बसत नाही.

आपल्या हवेत

इंग्लंडात घडलेलं धनुष्य सुट्टीत घरी आणणाऱ्यांसाठी हे. लाकूड हवेतली ओल घेतं आणि सोडतं. रत्नागिरीच्या जुलैत ते ओल पितं, मऊ पडतं, वजन उतरतं आणि सेट भराभर वाढतो. नागपूरच्या मे महिन्यात ते कोरडं होऊन ठिसूळ बनतं, आणि कोरडं लाकूड वळत नाही, तुटतं. आल्या आल्या बाण मारू नका. धनुष्य आठवडाभर घरातल्या सावलीच्या खोलीत, दोन खुंट्यांवर आडवं ठेवा, कोपऱ्यात उभं टेकवून नाही. एसीच्या झोताखाली नाही, उन्हात उभ्या गाडीत तर मुळीच नाही. मग पुन्हा कमी ओढीपासून सुरू करा आणि वजन नव्याने मोजा. मेणाचा हात चारही बाजूंना लावा. पावसात भिजलं तर पुसून सावलीत वाळवा, हीटरसमोर नाही. थंड प्रदेशातही तेच: हिवाच्या सकाळी आठ-दहा अर्धवट ओढी केल्याशिवाय पूर्ण ओढू नका.

कारागिराकडे परत कधी

पोटावर आडव्या सुरकुत्या, पाठीवर उठलेली काडी, सांध्याला फट, हललेलं शिंग, किंवा फोटोत दिसणारा एकाच जागचा बाक: यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी बाण थांबवा. बाकीच्या गोष्टींना दोन-तीनशे बाणांपर्यंत थांबा. तोवर लाकूड बसलेलं असतं, वजन एक ते तीन पौंडांनी उतरून स्थिर होतं आणि बरेच कारागीर त्यानंतर टिलर एकदा हलकासा सुधारून देतात.

लिहिताना 'नीट मारत नाही' एवढंच लिहू नका. दोन फोटो, इंचागणिक वजनाचा तक्ता, पहिल्या दिवसाचा आणि आजचा सेट, ब्रेस हाइट, बाणाचं स्पाइन आणि वजन पाठवा. एवढ्यावरून अनुभवी माणूस धनुष्य हातात न घेता दोष ओळखतो, आणि पुष्कळदा उत्तर येतं ते दोरीत चार पीळ वाढवा असं. वजन कमी करून मागणं सोपं असतं, थोडं लाकूड तासलं की झालं. वाढवून मागायचं तर धनुष्य आखूड करावं लागतं आणि उरलेल्या लाकडावरचा ताण वाढतो. बहुतेक जण त्याला नकार देतात, तो ऐका.

पाठवायचं ठरलं तर दोरी उतरवून, शिंगाच्या टोकांना फोम गुंडाळून, जाड पीव्हीसी पाइपमध्ये घाला आणि दोन्ही तोंडं स्क्रूने बंद करा. दोरी आणि जुळलेला एक बाण सोबत ठेवा. दुसऱ्याच दोरीवर आणि दुसऱ्याच बाणाने तपासलेलं धनुष्य तिकडे कसंही वागलं तरी त्यावरून तुमच्या तक्रारीचं काहीच कळत नाही.